ओट्यावरचं सुगी: दाईसुगी आणि जपानी छाटणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर पावसाळ्याच्या तोंडावर, झाडं लावायचा हंगाम आला की एक फोटो हमखास फिरत येतो. एक जाडजूड, बुटकं खोड, त्याच्या डोक्यावर सपाट पसारा आणि त्या पसाऱ्यातून उभे राहिलेले दहा-वीस सरळसोट वासे, प्रत्येकाच्या टोकाला हिरवा गोंडा. खाली लिहिलेलं असतं, 'जपान्यांनी झाड न तोडता लाकूड काढायची युक्ती शोधली.' मग फोन सुरू होतात. सागावर होईल का, रोपं कुठे मिळतील, एकरी किती. सगळ्यांना तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

फोटो खरा आहे का? की कॉम्प्युटरवर केलेला?

प्रकार खरा आहे. झाडावर झाड लावलेलं नसतं, कलमही केलेलं नसतं. खालचं खोड आणि वरचे वासे हे एकच झाड. मात्र फिरणाऱ्या फोटोंपैकी बरेचसे बागेतल्या शोभेच्या झाडांचे असतात. लाकडासाठी राखलेलं झाड इतकं देखणं नसतं.

दाईसुगी म्हणजे काय?

जपानी भाषेत 'दाई' म्हणजे ओटा, चौथरा. 'सुगी' हे झाडाचं नाव. ओट्याचं सुगी. नाव ठेवणाऱ्याने नेमकं ठेवलंय, कारण खालचं खोड वर्षानुवर्षं तसंच राहतं आणि त्याच्यावरचे वासे बदलत जातात, देवळाच्या पारावर माणसं बदलत जावीत तसे.

सुगी म्हणजे देवदार ना?

नाही. इंग्रजीतून उचललेल्या मजकुरात 'जपानी देवदार' असं सर्रास लिहितात, पण देवदार वेगळा आणि सुगी वेगळं. देवदार पाइनच्या कुळातला. सुगी सायप्रसच्या कुळातलं, शास्त्रीय नाव क्रिप्टोमेरिया जॅपोनिका. हा फरक नुसता नावापुरता नाही. देवदाराचं किंवा पाइनचं खोड कापलं तर खुंटाला फुटवे येत नाहीत, झाड संपतं. सुईच्या पानांच्या बहुतेक झाडांचं असंच असतं. सुगी त्यातला अपवाद. त्याच्या सालीखाली निजलेले डोळे असतात, शेंडा गेला की ते जागे होतात. दाईसुगीची सगळी युक्ती या एका गुणावर उभी आहे.

दार्जिलिंगला गेला असाल तर सुगी तुम्ही पाहिलेलं आहे. धुक्यात उभी असलेली ती उंच, काळपट झाडं. तिथले लोक त्याला धुपी म्हणतात. इंग्रजांच्या काळात ते जपानातून आलं आणि डोंगरभर पसरलं.

ही पद्धत नेमकी कुठली?

क्योटो शहराच्या वायव्येला कितायामा नावाचा डोंगराळ भाग आहे. 'कितायामा'चा अर्थच उत्तरेचे डोंगर. कियोताकी नदीच्या अरुंद खोऱ्यात नाकागावा नावाचं गाव आहे, ते या धंद्याचं मूळ घर. दोन्ही बाजूंना उभे चढ, मध्ये नदी, रस्ता आणि घरांची एक ओळ. भाताला जागा जवळपास नाहीच. गावच्या हाचिमान देवळाशी एक फार जुनं सुगी आहे. या भागात लावल्या जाणाऱ्या 'पांढऱ्या सुगी' या जातीची ती आई, असं तिथले लोक मानतात. सरळ वाढणाऱ्या झाडाच्या फांद्या लावून रोपं करायची, बियांपासून नाही, म्हणजे जात शुद्ध राहते. आपल्याकडे हापूसचं कलम करतात त्यामागे हाच विचार.

सुरुवात साधारण मुरोमाची काळातली मानली जाते, म्हणजे चौदावं-पंधरावं शतक.

तिथेच का सुरू झाली?

कारण जवळच क्योटो, म्हणजे तेव्हाची राजधानी होती आणि राजधानीत चहाचं वेड होतं.

हे वेड वाढत गेलं आणि सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) या चहागुरूच्या काळात चहासमारंभाची खोली म्हणजे मुद्दाम साधी, लहान, झोपडीसारखी केलेली खोली. रंगवलेले चौकोनी खांब त्यात शोभत नाहीत. हवे असतात सालीखालच्या गुळगुळीत अंगाचे, गोल, बारीक खांब, आणि छपराखाली एकसारख्या जाडीचे वासे. पुढे याच वळणावर 'सुकिया' नावाची घरबांधणीची शैली वाढली. क्योटोचा कात्सुरा राजवाडा तिचं नावाजलेलं उदाहरण.

आता कौलारू घर ज्याने बांधलंय किंवा मोडलंय त्याला माहीत आहे की वासे एकसारखे मिळणं किती अवघड. एक जाड, एक बारीक, एक मधेच वाकलेला. सुतार तासून, पाचर मारून वेळ निभावून नेतो. चहाच्या खोलीत वासे उघडे दिसतात, तिथे निभावून नेणं चालत नाही. बुंध्याला जेवढा जाड तेवढाच टोकाला, असा वासा पाहिजे, आणि तसे डझनावारी पाहिजेत. कितायामाकडे जमीन थोडी, चढ उभा. प्रत्येक वाशासाठी नवं रोप लावून त्याची मुळं धरेपर्यंत थांबण्यापेक्षा जुन्या मुळांवरच वासे वाढवणं परवडणारं होतं.

ओटा कसा तयार करतात?

पहिली काही वर्षं रोप नेहमीसारखं वाढू देतात. मग खालच्या काही फांद्या राखून वरचं खोड कापतात. इथे दोन गोष्टी एकदम साधायच्या असतात. शेंडा गेल्यामुळे झाडाची वर जायची ओढ खालच्या फांद्यांकडे वळते. आणि त्या हिरव्या फांद्या राहिल्यामुळे मुळांना अन्न मिळत राहतं. सगळं खरवडून नुसता खुंट ठेवला तर सुगीसुद्धा मरू शकतं. 'कापा म्हणजे फुटेल' एवढंच ऐकून कुऱ्हाड उचलणारे नेमके इथे फसतात.

राखलेल्या फांद्या आडव्या पसरतात आणि त्यांच्यातून उभे धुमारे निघतात. पुष्कळ निघतात. त्यातले सरळ, एकमेकांपासून अंतर राखून असलेले ठेवायचे, बाकीचे काढायचे. ठेवलेल्यांच्या बगलफांद्या दर दोन-चार वर्षांनी साफ करायच्या, टोकाला गोंडा तेवढा ठेवायचा. वीस-तीस वर्षांत वासा तयार होतो. तो कापला की त्याच ओट्यावरचा दुसरा धुमारा त्याची जागा घेतो. एका ओट्यावर सगळे वासे एका वयाचे नसतात: एक तोडायला आलेला, एक अर्ध्यावर, एक बोटाएवढा. त्यामुळे झाड कधीच उघडंबोडकं होत नाही आणि मालकाला मधूनमधून पैसा दिसतो.

दोनशे-तीनशे वर्षांचे ओटे आहेत. ते पाहिले की झाड वाटत नाही, वडाची मुळं आणि कातळ यांच्या मधलं काहीतरी वाटतं.

छाटल्याने लाकूड सरळ कसं होतं?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि हाच फार कमी लोक विचारतात.

आधी गाठ. फांदी खोडाला बाहेरून चिकटलेली नसते, ती गाभ्यापासून निघालेली असते. खोड जाड होत जातं तसं ते फांदीचा बुडखा गिळत जातं. फळी कापल्यावर त्या बुडख्याचा जो गोल दिसतो तीच गाठ. फांदी जिवंत असताना गिळली गेली तर गाठ निदान घट्ट बसलेली असते. वाळल्यावर गिळली गेली तर ती सुटी राहते, आणि एक दिवस निसटून फळीला भोक पडतं. रंधा मारणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. गाठीशी रंधा अडखळतो आणि सुताराच्या तोंडून शिवी येते. फांदी कोवळी असताना, खोड मनगटाएवढं असतानाच काढली तर गाठ गाभ्यापाशी दडून राहते, आणि पुढे चढणारी प्रत्येक थर स्वच्छ.

मग निमुळतेपणा. झाडाचं अन्न पानांत तयार होऊन खाली उतरतं. खालपर्यंत फांद्या असल्या तर बुंध्याला वरूनही मिळतं आणि जवळच्या फांद्यांकडूनही, म्हणून बुंधा फुगतो आणि झाड गाजरासारखं निमुळतं होतं. खालच्या फांद्या गेल्या की बुंध्याची चैन संपते. वरचं खोड मात्र गोंड्याजवळ असल्याने जाड होत राहतं. हळूहळू खालची आणि वरची जाडी जुळत येते. कितायामाच्या वाशाचं खरं मोल यातच आहे. सरळ लाकूड जगात खूप मिळतं, दोन्ही टोकांना सारखं असलेलं मिळत नाही.

तिसरं म्हणजे उपासमार. गोंडा लहान, अन्न बेताचं, त्यामुळे दरवर्षीचं वर्तुळ बारीक. म्हणून लाकूड घट्ट विणीचं.

आणि सरळपणा? तो अर्धा जातीचा, अर्धा दाटीचा. आजूबाजूला दाटी असली की उजेड फक्त वरून येतो, झाड वरच जातं. कललेलं सुईपानी खोड स्वतःला उभं करण्यासाठी खालच्या अंगाला वेगळं, ठिसूळ लाकूड घालतं, आणि ते वाळताना वाकतं. म्हणून कललेला धुमारा सुरुवातीलाच काढून टाकतात, त्याच्यावर दया दाखवत नाहीत.

छाटणी कोण करतं आणि कशाने?

या कामाला जपानीत 'एदाउची' म्हणतात. अवजार साधं: नाता नावाचा जड कोयता, हातकरवत, आणि चढायला हलकी शिडी. थंडीत, झाडाचा रस मंदावलेला असताना काम चालतं. घाव खोडाच्या रेषेत, खुंटी न ठेवता आणि साल न फाडता. खुंटी राहिली तर तीच पुढे मेलेली गाठ. साल फाटली तर पंचवीस वर्षांनी तो डाग बैठकीच्या खांबावर येणार.

दाट लावलेल्या रानात मुरलेले कारागीर एका झाडाचा शेंडा झाला की खाली उतरत नसत. झाड झुलवून पुढच्या झाडावर जात. माडावर चढणारे आपल्याकडचे पाडेकरी आठवावेत. फक्त कितायामाचे कारागीर तोल खोडाच्या झुलण्यावर सांभाळतात. अशी माणसं आता मोजकीच उरली आहेत.

तोडल्यावर पुढे काय?

साल सोलतात. वाढीच्या दिवसांत साल सहज सुटते. मग वाळवण, आणि मग घासणं. नाकागावाजवळ बोदाई नावाचा धबधबा आहे, त्याच्याखालची बारीक वाळू हे गावचं गुपित. ओली वाळू तळहातावर घ्यायची आणि उघड्या अंगाच्या लाकडावर वरपासून खालपर्यंत चोळत जायचं. हे काम बायकांचं असे, आणि वासे डोक्यावरून वाहून नेणंही त्यांचंच. वाळूने लाकडावर ओरखडे उठतील असं वाटतं, पण ती इतकी मऊ की उलट झिलई येते, शिजवलेल्या दुधावरच्या सायीसारखी. अशा घासलेल्या गोल लाकडाला 'मिगाकी मारुता' म्हणतात. आता साल काढायला बहुतेक ठिकाणी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याचं यंत्र आहे.

खांब जाड असेल तर आणखी एक गोष्ट करतात. मागच्या, भिंतीकडे जाणाऱ्या अंगाला गाभ्यापर्यंत एक सरळ चीर पाडतात आणि तिच्यात पाचर ठेवतात. अख्खं गोल लाकूड वाळताना कुठेतरी तडकणारच. तर ते आपण ठरवू तिथे, न दिसणाऱ्या बाजूला तडकू दे. मला या सगळ्या उद्योगात ही चीर सगळ्यात जास्त आवडते.

काही खांबांवर लहरी असतात, त्या कोरलेल्या असतात का?

नाही. त्यांना शिबोरी म्हणतात. काही झाडांना त्या जन्मजात येतात आणि असं झाड सापडलं की त्याच्या फांद्या लावून जात राखतात. बाकी ठिकाणी उभ्या खोडाभोवती बारीक काड्या तारेने आवळून बांधतात. खोड जाड होताना काड्यांच्या मधून फुगतं, दोन-तीन वर्षांत वळ्या तयार. झाडाला कॉर्सेट घालण्याचा प्रकार. मला बघवत नाही, पण गिऱ्हाईक आहे.

म्हणजे 'झाड न तोडता लाकूड' हे खरं की खोटं?

अर्धं खरं. मूळ झाड तोडत नाहीत हे बरोबर. पण वासा तोडतातच, आणि तो वीस-पंचवीस वर्षांचा जीव असतो. शिवाय त्यातून निघतो वासा. ओंडका नाही, तुळई नाही, फळ्या तर नाहीतच. जंगलतोडीवर जपानी उपाय म्हणून हे जे पसरवलं जातं त्यात काही अर्थ नाही. दारं-खिडक्या, फर्निचर, कागद यांना लागणारं लाकूड दाईसुगीने कधी पुरवलेलं नाही.

आणि ही बाब फोटोखाली कधीच लिहिलेली नसते: आज कितायामाचं म्हणून जे लाकूड विकलं जातं त्यातलं बहुतेक ओट्यावरचं नाहीच. एक रोप, एक खोड, दाट लागवड, कडक छाटणी, तीस-चाळीस वर्षांनी तोड आणि पुन्हा लागवड, अशा सरळ पद्धतीचं ते असतं. बैठकीच्या कोनाड्याशेजारी, म्हणजे तोकोनोमाशेजारी उभा करतात तो मानाचा खांब या लागवडीतून येतो. ओट्याची पद्धत मुख्यतः वाशांसाठी होती.

हे लाकूड साध्या सुगीपेक्षा २०० टक्के मजबूत असतं म्हणतात?

हा आकडा सगळीकडे आहे, पण कुणी, कुठे, काय मोजलं ते कुठेच नाही. टक्केवारी आणि मोजणारा यांची गाठ पडत नाही तोवर मी ती कुणाला सांगणार नाही. वर्तुळं बारीक असतात, म्हणून त्याच जातीच्या भरभर वाढलेल्या लाकडापेक्षा ते घट्ट असतं, एवढं म्हणणं पुरेसं आहे. सुगीचं लाकूड मुळात हलकं. सागाशी तुलना नकोच.

आपल्याकडे असं काही आहे का?

आहे, पण हेतू उलटा. कोकणात आणि मावळात भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात, म्हणजे पाला-फांद्या पसरून जमीन भाजून घेतात. त्यासाठी ऐन, किंजळ अशा झाडांची कवळ, म्हणजे पाल्यासकटच्या फांद्या तोडतात. वर्षानुवर्षं कवळ तोडलेला ऐन बघा: उभा खांब, त्याला अंगभर गाठी आणि गाठीगाठीतून पालवीचे झुबके. झाड जिवंत राहतं, दरवर्षी फुटतं, इथपर्यंत गोष्ट एकच. पण आपल्याला हवा असतो पाला, आणि पाला जास्त यावा म्हणून फूट वाढू देतो. लाकूड गाठाळ झालं तरी कुणाला पर्वा नसते. कितायामात पाला शत्रू. तिथे प्रत्येक फूट खुडायची, एक सोडून.

युरोपातही झाडाचं डोकं उडवून फुटवे घ्यायची जुनी रीत आहे, पण ती बहुतेक रुंद पानांच्या झाडांवर.

माझ्या सागावर करता येईल का?

तोडलेल्या सागाच्या खुंटाला धुमारे येतात आणि त्यातला एक राखून नवं झाड करता येतं. वनखात्याला हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. उसाचा खोडवा ठेवण्यासारखंच ते. पण छातीच्या उंचीवर ओटा करून वर दहा वासे? नको. सागाच्या एवढ्या मोठ्या जखमेतून पाणी आत उतरतं, पोकळ पडतं, आणि वरचा धुमारा जड झाला की वाऱ्याने बगलेतून फाटतो. सुगीचा गोंडा हलका असतो, सागाचं एक पान जेवणाच्या ताटाएवढं.

बगलफांद्यांची छाटणी मात्र जरूर शिका. माझा स्वतःचा अनुभव ऐका. घरामागे सागाची तीस-पस्तीस झाडं आहेत. हे सगळं वाचून अंगात आलं आणि जूनचे पहिले दोन पाऊस झाल्यावर मी कोयता घेऊन निघालो. हिरवं, रसरशीत झाड. एकेक फांदी एका घावात. गणपतीला बघतो तर प्रत्येक घावाच्या जागी चार-चार नवे फुटवे, खोड नव्हे, खराटा. जिथे कोयता निसटला तिथे सालीची वीतभर पट्टी खाली लोंबत होती. त्यातली पाच झाडं आजही ओळखू येतात. छाटणी पानगळीनंतर, थंडीत करायची. अंगठ्याएवढी असतानाच फांदी काढायची. आणि आलेला फुटवा हाताने खुडता येतो तोवर खुडायचा. झाडाचा वरचा निम्मा तरी हिरवा राहू द्यावा. आणि पूर्ण झाड तोडायचं असेल तर ते स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी साग आणि ऐन १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत, परवानगी काढा.

मग सुगीचीच रोपं आणून लावली तर?

सुगीला थंड, ओली हवा लागते. दार्जिलिंगला जमतं. जळगावला जमणार नाही, आणि रत्नागिरीलाही नाही.

हे बोन्साय आहे का?

नाही. बोन्साय कुंडीत, मुळं छाटून. दाईसुगीची मुळं डोंगरात मोकळी असतात. बागेसाठी लहान दाईसुगी तयार करतात, त्यामुळे गोंधळ होतो.

आज कितायामात हा धंदा चालतो का?

चालतो, पण रया गेली. नवीन जपानी घरांत, विशेषतः फ्लॅटमध्ये, तातामी, म्हणजे गवती चटया अंथरलेली पारंपरिक खोलीच राहिली नाही. खोली नाही तर तोकोनोमा नाही, तोकोनोमा नाही तर खांब कुणाला विकायचा? १९९० नंतर मागणी घसरत गेली. बांधकामाला लागणारं साधं लाकूड बाहेरून आणणं स्वस्त पडतं. छाटायला चढणारे म्हातारे झाले, मुलं शहरात. काही जुने दाईसुगी उपटून बागांना विकले गेले, आणि काही डोंगरात तसेच सोडून दिले. सोडलेला ओटा लगेच ओळखू येतो: पाच-सात वाशांची झाडंच झालेली असतात, खालपर्यंत फांद्यांनी भरलेली.

तरी कितायामा सुगी हे क्योटो प्रांताचं अधिकृत झाड आहे, आणि काही घरं खांबाऐवजी टेबलं, दिवे, दुकानांची सजावट असं काहीबाही करून तग धरून आहेत.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर?

क्योटो स्थानकावरून शुझानला जाणारी बस धरा. ताकाओची देवळं मागे पडली की रस्ता नदीच्या कडेने वळत जातो आणि समोरच्या डोंगरावर हजारो गोंडे एका उंचीवर दिसायला लागतात. शहरातल्या बऱ्याच देवळांच्या आणि खानावळींच्या बागांतही एखादं दाईसुगी असतं. ते दिसलं तर वर बघण्याआधी वाकून ओट्याकडे बघा. जुन्या वाशांचे कापलेले गोल तिथे असतात, काही बशीएवढे, काही रुपयाएवढे, काठाने साल चढत चाललेली. किती वेळा लाकूड काढलं ते मोजता येतं.